दाखला काढण्याआधी तक्ता करायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठ बदलायला निघालेली मुलं आमच्या मदत कक्षात येतात तेव्हा बहुतेकांचा बेत एकच असतो: आधी कॉलेज सोडल्याचा दाखला काढू, क्रेडिटचं (झालेल्या विषयांच्या श्रेयांकांचं) मग बघू. पात्रता विभागाच्या खिडकीतून तुम्ही हा क्रम उलटा करायला लावलात, म्हणून हे आभाराचं पत्र. दाखला हातात पडला की जुन्या कॉलेजातली जागा गेली. पुढे नव्या विद्यापीठाने चार विषय नाकारले, तर मूल दोन्हीकडून अडकतं. म्हणून दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी, लेखी उत्तर आल्यावरच. हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगत आलात.

तुमचा तक्ता आता आम्ही प्रत्येकाकडून करून घेतो. डावीकडे झालेला विषय, त्याचा कोड, क्रेडिट आणि श्रेणी. उजवीकडे नव्या विद्यापीठाचा त्याला जुळणारा विषय. आणि मध्ये तो विषय कोणत्या गटातला, याचा रकाना. या मधल्या रकान्याने किती मुलांचं वर्ष वाचलं असेल! महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात, म्हणून वर्षाची ४४ ची बेरीज दोन्हीकडे जुळते आणि मुलं निर्धास्त होतात. घोडं अडतं ते गटात. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेचा ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (क्षमतावृद्धी, मुख्यतः भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), प्रत्येकाचा हिशोब वेगळा. ओपन इलेक्टिव्हचे जास्तीचे क्रेडिट मेजरमध्ये ओतता येत नाहीत. भारतीय ज्ञान प्रणालीचा २ क्रेडिटचा विषय नव्या विद्यापीठात पहिल्याच वर्षी होऊन गेला असेल आणि जुन्या ठिकाणी तो पुढे यायचा असेल, तर तो मुलाच्या पदरात पडतच नाही. शेवटच्या सत्रात ते २ क्रेडिट कमी भरतात.

प्रात्यक्षिकांचं गणित तर तुम्हीच नीट उलगडून दाखवलंत. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. रसायनशास्त्राचा ४ क्रेडिटचा विषय एकीकडे थिअरी ३ अधिक प्रात्यक्षिक १ असेल आणि दुसरीकडे २ अधिक २, तर क्रेडिट सारखेच दिसतात, पण प्रयोगशाळेचे ३० तास कमी पडतात. समकक्षता तपासणारे नेमकं इथेच बोट ठेवतात. अभ्यासक्रमाची प्रतही ज्या वर्षी विषय शिकला त्याच वर्षीची हवी, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह. संकेतस्थळावरून उतरवलेली नवी प्रत जोडली, तर घटक जुळत नाहीत आणि चांगला शिकलेला विषयही नामंजूर होतो.

'क्रेडिट एबीसीत (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये) आहेत, म्हणजे नवं विद्यापीठ घेणारच' हा समजही तुम्ही खोडून काढलात. २०२१ च्या नियमांनी उभी राहिलेली ही बँक क्रेडिटची नोंद ठेवते. आपल्या पदवीसाठी त्यातले कोणते मोजायचे, हे नवं विद्यापीठच ठरवतं. विद्यार्थ्याला तिथे स्वतः काही भरता येत नाही, क्रेडिट शिक्षणसंस्थेनेच चढवायचे असतात. त्यामुळे डिजिलॉकरमध्ये एखादं सत्र दिसत नसेल, तर नवीन ठिकाणी हेलपाटे घालून उपयोग नाही, जुन्या परीक्षा विभागालाच अर्ज करावा लागतो. पुष्कळदा कारण साधं असतं: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, किंवा एका अक्षराचा फरक. जुन्या कॉलेजात नाव असेपर्यंत हे काम सोपं असतं. मध्ये खंड पडलेल्यांनी आणखी एक पाहावं: क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात, एखाद्या विषयाला याहून कमी मुदतही असू शकते.

आणि तो निम्म्या क्रेडिटचा प्रश्न! एबीसीच्या याच नियमांत पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवण्याची अट आहे. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली तर निम्मे झाले ६६. दुसरं वर्ष संपवून निघालेल्याचे ८८ झालेले असतात, उरतात ४४, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून दुसऱ्या वर्षानंतर बदलणाऱ्याने विषयांच्या आधी हाच प्रश्न विचारायचा, हे तुमच्यामुळे आमच्या अंगवळणी पडलं.

तुमच्या सांगण्यावरून आता अर्जातच विचारतो: कोणते विषय पूर्ण मान्य, कोणते जादा परीक्षेच्या अटीवर, कोणते अमान्य? राहिलेला एटीकेटीचा (नापास होऊन मागे राहिलेला) विषय कुठे सोडवायचा? जुने ग्रेड पॉइंट सीजीपीएत (सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीत) धरणार, की नुसते क्रेडिट? स्वयमवरचे (सरकारी ऑनलाइन मंचावरचे) कोर्स मान्य होणार का? सत्राला ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात, पण ती मुभा आहे, आपोआप मिळणारी मान्यता नव्हे. फोनवरचं 'होऊन जाईल' आम्ही उत्तर म्हणून धरत नाही.

उत्तर यायला वेळ लागला आणि जागा धरायला फी भरावी लागली, तर शेवटच्या तारखेवर लक्ष हवं, हेही तुमचंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला, तर फी परत मिळते; कपात फार तर ५ टक्के, तीही ५,००० रुपयांच्या आत. अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले, तर काहीच नाही.

अपुरी फाइल तुम्ही कधी नुसती परत केली नाहीत. कुठे काय राहिलंय तिथे पेन्सिलीने खूण करून दिलीत, गर्दीच्या दिवसांतही. त्या खुणांवरूनच आम्ही शिकलो. तक्त्यात आम्ही आता एक रकाना वाढवला आहे: उत्तर देणाऱ्याचं पद, तारीख आणि आवक क्रमांक. नमुना सोबत जोडत आहोत. काही चुकलं असेल, तर नेहमीसारखी खूण करून पाठवा.

आपले कृतज्ञ,
विद्यार्थी मदत कक्षातले आम्ही सर्व