ग्रूव्हबॉक्स घेताना आधी ताल बघा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ग्रूव्हबॉक्सवरचा, म्हणजे ठेके आणि सूर भरून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावरचा, लेख वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. पण त्यात आवाज किती प्रकारचे, मेमरी किती, किंमत किती एवढंच होतं. घरी बसून वाजवणाऱ्याला ते पुरेल. गायकाच्या मागे मंचावर उभं राहणाऱ्याला त्यावरून यंत्र निवडता येणार नाही. मी पुण्यातल्या वाद्यवृंदांमध्ये ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवते आणि हल्ली शेजारी ग्रूव्हबॉक्सही असतो, म्हणून लिहिते आहे.

पहिला प्रश्न तालाचा. ही यंत्रं मुळात १६ स्टेपच्या, म्हणजे ठोका भरायच्या १६ सारख्या घरांच्या, हिशेबाने बांधलेली. केरवा त्यात अलगद बसतो. पण आपल्या कार्यक्रमात दादरा येतो, रूपक येतो, नाट्यपदांना झपताल, दीपचंदी लागते. मात्रेला दोन स्टेप धरल्या तर दादऱ्याला १२, रूपकाला १४, झपतालाला २० आणि दीपचंदीला २८ स्टेप होतात. ठेका भरून वाजवायचा तर मात्रेला चार स्टेप हव्यात, म्हणजे दीपचंदी ५६ वर गेली. एलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्ट या यंत्रात पॅटर्न (भरून ठेवलेला ठेका) ६४ स्टेपपर्यंत जातो, डिजिटॅक्ट २ मध्ये १२८ पर्यंत. नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्समध्ये ३२च. तिथे २८-२८चे दोन पॅटर्न जोडावे लागतात. जमतं, पण घाईत चुकण्याची जागा वाढते.

रूपक भरताना तरुण मुलं सवयीने पहिल्या स्टेपवर दणदणीत किक (ड्रमचा खर्जातला ठोका) टाकतात. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ची, डग्ग्याशिवायची असते! तिथे तबल्याचा ‘तीं’ हवा, डग्गा चौथ्या मात्रेला. एवढं सांभाळलं की गायकाच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो. लावणीचा ठेका तर सगळे ठोके एकसारखे झुलवणाऱ्या स्विंगच्या बटणाने येतच नाही, कारण ढोलकीची काही अक्षरं दोन स्टेपच्या मध्ये कुठेतरी पडतात. एकेक ठोका किंचित पुढे-मागे सरकवण्याची सोय डिजिटॅक्टमध्ये आहे, सर्किट ट्रॅक्समध्येही आहे. ती नसेल तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, मंचावर गाणं ठरल्याप्रमाणे पुढे जात नाही. वन्स मोअर येतो, गायिका अंतरा पुन्हा घेते, निवेदक मध्येच बोलू लागतो. आधीपासून रचून ठेवलेलं अख्खं गाणं अशा वेळी निरुपयोगी ठरतं. पॅटर्न हाताने, वाजतं न थांबवता बदलता आला पाहिजे. बहुतेक यंत्रांत चालू पॅटर्न संपला की पुढचा सुरू होतो, म्हणून मी एका पॅटर्नमध्ये एकच आवर्तन ठेवते. चार आवर्तनं भरली तर समेची वाट बघत ताटकळावं लागतं आणि गायिका पुढे निघून जाते. लय चढली तर बोटाने ठोकून टेम्पो देण्याची सोय हवी, हेही ओघानेच आलं.

विजेचं तर विचारूच नका. गणेशोत्सवात पेठेतल्या एका मंडळाच्या मंचावर जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली. ढोलकीवाला वाजवत राहिला. माझं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत गाणं संपत आलं होतं. रोलँडचा एमसी-१०१ चार पेन्सिल सेलवर चालतो, सर्किट ट्रॅक्स आणि अकाईच्या एमपीसी लाइव्हमध्ये बॅटरी आहे. डिजिटॅक्ट आणि एमपीसी वनमध्ये नाही. आवाजांच्या संख्येपेक्षा ही ओळ लेखात जास्त उपयोगी पडली असती.

लेखात या यंत्रांना ‘नवं खूळ’ म्हटलं आहे, ते मात्र पटलं नाही. ‘ग्रूव्हबॉक्स’ हे नाव रोलँडने १९९६ साली एमसी-३०३ला दिलं. त्याच्याही आधी, १९८२ साली, मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी रोलँडच्याच टीआर-८०८ (ठेक्याचं) आणि टीबी-३०३ (बासचं) या यंत्रांच्या साथीने राग वाजवून अख्खी रेकॉर्ड काढली होती.

फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तयारी करणारी कॉलेजची मुलं आता पैसे साठवून ही यंत्रं घेतात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की दुकानात तयार डेमो ऐकत बसू नका. उभ्याउभ्या १४ स्टेपचा रूपक भरा, तो वाजत असताना केरव्यावर जा आणि परत रूपकावर या. शक्य असेल तर तबला वाजवणारा मित्र सोबत न्या, त्याला मान डोलवता येते का ते बघा. आणि संपादक महोदय, पुढच्या लेखासाठी ही यंत्रं एखाद्या ऑर्केस्ट्राच्या तालमीत, गाणाऱ्या माणसासोबत वाजवून बघावीत, ही विनंती.

आपली,
एक ऑक्टापॅडवादक, नारायण पेठ, पुणे