‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी क्वेरी वाचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

काउंटरवर ताटकळलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळानं या’ असं सांगून परत पाठवतात, ही तक्रार वाचकांच्या पत्रांत नेहमी दिसते. मी सातपूरला राहते. कांदा व्यापारी, द्राक्षांची पॅकहाऊस आणि पतसंस्था यांच्या पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांची देखभाल करणं हा माझा व्यवसाय आहे. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत सर्व्हर धडधाकट असतो. प्रोग्राम डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला, नेमकं काय विचारतोय (या प्रश्नालाच क्वेरी म्हणतात), हे मात्र कोणी पाहिलेलंच नसतं. नाशिकमध्ये हे काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आणि असे प्रोग्राम विकत घेणाऱ्यांसाठी हे पत्र लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. माहिती टेबलांमध्ये मांडायची आणि टेबलं एकमेकांना जोडून हवं ते उत्तर काढायचं, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ती प्रत्यक्षात आणणारी भाषा म्हणजे एसक्यूएल. पुढे पायथॉनसारख्या भाषांत काम करणाऱ्यांना दर वेळी हातानं एसक्यूएल लिहावं लागू नये म्हणून ते स्वतः तयार करणारा मधला थर आला, ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, थोडक्यात ओआरएम. पायथॉनमध्ये जँगो या संकेतस्थळं बनवायच्या अवजाराचा ओआरएम आणि २००६ साली आलेलं माइक बायर यांचं एसक्यूएल-अल्केमी हे दोन सर्वांत जास्त वापरात आहेत. जँगोचा जन्म तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी बातम्यांच्या संकेतस्थळांसाठी तो लिहायला घेतला आणि २००५ च्या जुलैत तो सर्वांसाठी खुला झाला. छापखान्याच्या घाईत काम उरकावं म्हणून केलेलं हे अवजार आहे, आणि ते उत्तम आहे. ओआरएम टाकून द्या असा सल्ला काही जुनेजाणते देतात, तो मला मुळीच पटत नाही. वापरकर्त्यानं भरलेला मजकूर ओआरएम क्वेरीत थेट न चिकटवता वेगळा पाठवतो, त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे भरलेल्या मजकुरातून कुणी डेटाबेसला भलताच हुकूम देण्याचा, मोठा धोका आपोआप टळतो. एवढ्या एका कारणासाठीही मी तो ठेवीन.

अडचण पुढे सुरू होते. प्रोग्राममध्ये आवकेच्या नोंदीपुढे एक टिंब देऊन शेतकरी आणि आणखी एक टिंब देऊन गाव लिहिलं, की गावाचं नाव मिळतं. लिहिणाऱ्याला वाटतं, नाव तिथंच होतं. खरं तर त्या प्रत्येक टिंबापाशी डेटाबेसकडे एक नवी क्वेरी जाऊ शकते.

निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याकडचा प्रकार सांगते. लिलाव आटोपले की दिवसभराच्या आवकेची यादी उघडायची, ती पाहून हिशोबपट्ट्या द्यायच्या. हंगामात यादी सहाशे ओळींची होते. ती उघडायला पंचवीस-तीस सेकंद लागायचे, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा तेवढेच. बाहेर ट्रॅक्टर लावून शेतकरी थांबलेले. प्रोग्राम लिहून देणाऱ्यानं मोठं मशीन घ्यायला लावलं होतं, ते घेऊनही काही फरक पडला नव्हता. मालक मला म्हणाले, “ताई, याहून मोठं घेऊ का? सांगा, उद्याच घेतो.” मी म्हटलं, “भाऊ, खर्च नको. आजची यादी उघडा आणि मला लॉग पाहू द्या.”

लॉग म्हणजे प्रोग्राम काय काय करतो याची नोंद. हा प्रोग्राम जँगोतला होता. त्याच्या सेटिंगमध्ये ‘जँगो डॉट डीबी डॉट बॅकएंड्स’ या लॉगरची पातळी डीबग (चुका शोधण्यासाठीची) ठेवली आणि चाचणीच्या प्रतीवर डीबग चालू केलं, की डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक क्वेरी पडद्यावर उमटते. (चालू कामाच्या मशीनवर डीबग कधीच चालू ठेवू नये. चूक आली की प्रोग्रामची आतली माहिती कोणालाही दिसते.) यादी उघडली आणि पडदा धावू लागला. पहिली क्वेरी आवकेची. तिच्यामागून शेतकऱ्याची, मग गावाची, पुन्हा शेतकऱ्याची, पुन्हा गावाची. वाक्य अक्षरशः तेच, फक्त शेवटचा आयडी बदललेला: ४१२, ४१३, ४१४... आवकेची एक, शेतकऱ्यांच्या सहाशे, गावांच्या सहाशे. एकूण १,२०१ क्वेऱ्या. एकाच गावचे पन्नास शेतकरी असले तरी गावाचं नाव पन्नास वेळा विचारलं जात होतं.

आता हिशोब पाहा. प्रोग्राम व्यापाऱ्याच्या कचेरीत आणि डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला समजा वीस मिलिसेकंद लागतात. १,२०१ गुणिले वीस म्हणजे चोवीस सेकंद. हा सगळा वेळ वाटेत जातो, त्यामुळे मशीनची मेमरी दुप्पट केली तरी तो तसाच राहणार. गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोचे सहाशे क्रेट न्यायचे आणि पिकअपमध्ये दर खेपेला एकच क्रेट ठेवायचा, तर गाडीचं इंजिन मोठं करून काय होणार?

इलाज एका ओळीचा होता. यादी मागवताना ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावून शेतकरी आणि गाव सोबतच आणा असं सांगितलं. ओआरएमनं तिन्ही टेबलं जोडणारी एकच क्वेरी पाठवली आणि यादी लगेच उघडली. आवकेच्या एका नोंदीखाली अनेक वजनं असतील तर ‘प्रीफेच रिलेटेड’ वापरायचं, म्हणजे सगळी वजनं आणखी एका क्वेरीत येतात. एसक्यूएल-अल्केमीत याच कामांसाठी ‘जॉइंडलोड’ आणि ‘सिलेक्टइनलोड’ आहेत. तिथं एक पथ्य मात्र पाळावं. एका नोंदीखाली अनेक नोंदी असताना जॉइंडलोड लावला, तर मूळ ओळ प्रत्येक वजनासोबत पुन्हा पुन्हा येते आणि क्वेरी एकच असली तरी ओझं वाढतं. अशा वेळी सिलेक्टइनलोड बरा.

लिहिणाऱ्या मुलाला हे आधी का दिसलं नाही, याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचा डेटाबेस त्याच्याच लॅपटॉपवर होता आणि त्यात दहा-बारा नमुना नोंदी होत्या. तिथं पंचवीस क्वेऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि संगणकाच्या अभ्यासक्रमांतले बहुतेक प्रोजेक्ट असेच असतात. नोंदी दहा, वापरणारा एक, डेटाबेस त्याच मशीनवर. तोंडी परीक्षेत पडदा उघडतो, गुण मिळतात. तोच मुलगा पुढे खरं काम घेतो आणि त्याचा भार उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर पडतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना ही वाट दाखवलेलीच नसते.

दुसरं प्रकरण एका पतसंस्थेतलं. महिन्याच्या सुरुवातीला गर्दी वाढली की प्रोग्राम गोठायचा. इथं एसक्यूएल-अल्केमी आणि पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस होता. एसक्यूएल-अल्केमी डेटाबेसची कनेक्शनं, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या जोडण्या, एका साठ्यात ठेवतं: एरवी पाच, गरज पडली तर वर दहा. ही पंधरा संपली की सोळावा तीस सेकंद वाट पाहतो आणि मग टाइमआउटची चूक येते. एररच्या संदेशात हे पाच, दहा आणि तीस स्वच्छ लिहिलेले असतात. पण संदेश न वाचता प्रोग्राम रीस्टार्ट करायची सवय लागली होती. मग कुणीतरी साठा शंभराचा केला. पोस्टग्रेस मुळात शंभरच कनेक्शनं देतं आणि त्यातली काही राखीव असतात, त्यामुळे दुखणं तिकडे सरकलं आणि डेटाबेसच नव्या जोडण्या नाकारू लागला.

अशा वेळी डेटाबेसलाच विचारावं. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ नावाची यादी असते, कोणतं कनेक्शन काय करतंय आणि कधीपासून, हे ती सांगते. तिथं ओळीमागून ओळ एकच शेरा होता: ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. म्हणजे व्यवहार उघडा राहिलेला, काम काही चालू नाही. कारण प्रोग्राममध्ये सापडलं. ठेवीची नोंद झाल्यावर व्यवहार पक्का करण्याआधीच खातेदाराला एसएमएस पाठवला जात होता आणि समोरून पोच येईपर्यंत कनेक्शन धरून ठेवलं जात होतं. एसएमएसची सेवा मंदावली की पंधराही कनेक्शनं त्या पोचेची वाट पाहत अडकायची. इलाज असा: आधी कमिट (व्यवहार पक्का करणं), मग एसएमएस, आणि सेशन (डेटाबेसशी चाललेलं काम) पायथॉनच्या ‘विथ’च्या चौकटीत, म्हणजे मध्येच चूक आली तरी ते बंद होतं. साठा पुन्हा पाचाचा केला, तेवढा पुरला.

‘सकाळी पहिल्यांदा एरर येतो, दुसऱ्यांदा दाबा’ हेही अनेक कचेऱ्यांत ऐकू येतं. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आठ तास न वापरलेलं कनेक्शन स्वतःहून तोडतो. रात्र सरली की साठ्यात फक्त तुटलेली कनेक्शनं उरतात आणि सकाळी पहिलं काम करणाऱ्याला चूक मिळते. एसक्यूएल-अल्केमीत ‘पूल प्री पिंग’ चालू करावं, म्हणजे कनेक्शन हातात देण्यापूर्वी ते जिवंत आहे का हे तपासलं जातं. पोस्टग्रेसवर एसक्यूएल-अल्केमी वापरताना फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या) कॉलमवर इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) आपोआप होत नाही हेही ध्यानात असू द्यावं. जँगो तो स्वतः करतं, त्यामुळे जँगोवरून इकडे येणारे इथं हमखास फसतात.

उशीर एक वेळ सहन होईल, पण पैशाच्या नोंदीतली चूक मला अजिबात सहन होत नाही. म्हणून हे सविस्तर. खात्यात १०,००० रुपये आहेत. एका काउंटरवर २,००० आणि त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवर ५,००० भरले जातात. दोन्हीकडचा प्रोग्राम आधी शिल्लक वाचतो, दोघांनाही १०,००० दिसतात. एक १२,००० लिहितो, दुसरा १५,०००. खात्यात १७,००० हवे होते, राहतात १५,००० किंवा १२,०००. एररचा संदेश नाही, पडदा गोठत नाही, सगळं सुरळीत वाटतं. पायथॉनचा कोड वाचतानाही तो बरोबरच दिसतो: शिल्लक घे, रक्कम मिळव, सेव्ह कर. दोष दिसतो तो क्वेरीत. अपडेटच्या वाक्यात ‘शिल्लक = १२०००’ असा तयार आकडा असेल तर धोका आहे. तिथं ‘शिल्लक = शिल्लक + २०००’ हवं, म्हणजे बेरीज डेटाबेस स्वतः करतो. जँगोत त्यासाठी ‘एफ’ एक्स्प्रेशन आहे. पैसे काढताना शिल्लक पुरेशी आहे का हे आधी तपासावं लागतं, तेव्हा व्यवहाराच्या आत ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ लावून ती ओळ अडवून ठेवायची. पतसंस्थेसाठी काम करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या प्रोग्राममधली शिल्लक बदलणारी क्वेरी आज छापून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्राध्यापकांना विनंती अशी, की ओआरएमचं प्रात्यक्षिक एसक्यूएलच्या लॉगशिवाय पूर्ण धरू नका. एसक्यूएल-अल्केमीत क्वेऱ्या दाखवणारं ‘एको’ ट्रू केलं की काम होतं, दोन मिनिटंही लागत नाहीत. प्रोजेक्टच्या डेटाबेसमध्ये निदान लाखभर नोंदी भरायला लावा, बनावट चालतील. आणि तोंडी परीक्षेत विचारा, ‘हा पडदा उघडताना किती क्वेऱ्या गेल्या? त्यांतली सर्वांत सावकाश कोणती? तिचं एक्स्प्लेन (डेटाबेस ती कशी चालवणार याचा आराखडा) दाखव.’ एवढं विचारलं जाणार हे कळलं, तर मुलं आपणहून शिकतील. आपली मुलं हुशार आहेत, हे मी रोज पाहते.

संचालक आणि मालक मंडळींनी कामाच्या ऑर्डरमध्ये दोन अटी घालाव्यात. एका पूर्ण हंगामाच्या नोंदींवर चाचणी झाल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये. आणि रोज वापरायच्या प्रत्येक पडद्याला किती क्वेऱ्या लागतात, ते लेखी घ्यावं. यासाठी तुम्हाला प्रोग्रामिंग यायची गरज नाही. जँगोच्या चाचण्यांत ‘असर्ट नम क्वेरीज’ आहे, ठरलेल्या आकड्यापेक्षा एकही क्वेरी जास्त गेली की चाचणी नापास होते. एसक्यूएल-अल्केमीत टेबलांमधल्या संबंधांवर ‘लेझी रेझ’ लावलं, तर न सांगता होणारी क्वेरी तिथल्या तिथे अडते. काम करणाऱ्याला हे सहज करून देता येतं. तो टाळत असेल तर का टाळतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

२०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं निवास, वाहनतळ, स्वयंसेवक यांच्या नोंदणीची कामं शहरातल्या तरुणांकडे येणारच. दहा नोंदींवर चाललेला प्रोग्राम पर्वणीच्या गर्दीसमोर ठेवू नये म्हणून हे आत्ता लिहिते. कांदा बाजाराच्या एका हंगामाएवढ्या बनावट नोंदींची फाईल मी सरावासाठी तयार केली आहे. आवक, शेतकरी, गाव आणि वजनं अशी चार टेबलं तिच्यात आहेत. नाशिकमधल्या ज्या महाविद्यालयाला ती हवी असेल, त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावं. मी ती विनामूल्य देईन, आणि वर्गात येऊन लॉग कसा वाचायचा तेही दाखवीन.

आपली,
एक वाचक, सातपूर, नाशिक