डोळ्यातील स्टेरॉइड कांडी : पुरावा विचारा

महोदय,
डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटल्याचे ऑपरेशन झालेले माझे सासरे सध्या छातीखाली उशी घेऊन पालथे पडून असतात. सगळ्यांना धास्ती एकच, वण धरून पडदा पुन्हा सुटण्याची. अशा वण धरलेल्या डोळ्यांत ऑपरेशनवेळी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ०.७ मिलिग्रॅमची विरघळणारी कांडी सोडून लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयात १४० रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ च्या निष्कर्षांत पडद्याच्या मध्यभागाची सूज कमी दिसली. पडदा टिकण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. शिवाय स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो. गडहिंग्लज, राधानगरीहून कोल्हापुरात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांनी ही कांडी सुचवली गेल्यास ती कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. चाचणी असेल, तर संमतीपत्र मराठीतच मागावे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर