टग वीस वर्षांतच का थकते?

विशाखापट्टणम

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमची शंका रास्त आहे. रेल्वे डिझेल इंजिनाला ३६ वर्षं देते, मग हिंदुस्तान शिपयार्डच्या ‘वीरन’सारख्या ५० टन ओढीच्या नव्या टगला, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या जहाजाला, नौदल २०च का धरतं? तुमच्या वडोदरा यार्डातलं डबे हलवणारं शंटर इंजिन आठवा. तासन्‌तास मंद चालायचं आणि मग एकदम पूर्ण जोर लावायचा, हेच टगचं काम. मंद इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोत काजळी बसते, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) चकचकीत होऊन इंजिन ऑइल प्यायला लागतं. म्हणून अधूनमधून अर्धा तास तरी ७०-८० टक्के लोडवर पळवावं लागतं. डिझेल वाचवण्याच्या हट्टापायी हे टाळलं, की ओव्हरहॉल लवकर येतो.

खरा घात मात्र फेंडरमागे, म्हणजे धक्के झेलायला बाजूंना लावलेल्या रबरामागे होतो. रबर बाहेरून धड दिसतं, पण मागे खारं पाणी अडून पत्रा खात असतं. तुमची पीओएच (ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती) तशी आमची ड्राय डॉक, म्हणजे टग पाण्याबाहेर कोरड्या गोदीत घेणं, पाच वर्षांत दोनदा. तेव्हा काही फेंडर उतरवून अल्ट्रासॉनिकने जाडी मोजायचीच. साधारण पाव जाडी गेली असेल तर पत्रा कापून नवा. पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, निम्मे झिजले की बदलायचे.

पाण्याखाली चहूकडे फिरणारे थ्रस्टर, म्हणजे टगला ढकलणारे पंखे असतात. जाळ्याचा नायलॉन दोरा शाफ्टला गुंडाळला की सील कापलं जातं आणि पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं. ऑइल दुधाळ दिसेपर्यंत थांबलात, तर बेअरिंग गेलंच समजा. त्याआधी नमुना तपासणं कितीतरी स्वस्त.

आई, टग उलटते का असं तू विचारलंस. उलटू शकते. जहाज पुढे निघालं आणि दोर टगला आडवा ओढू लागला, तर काही सेकंदांत ती कलंडते. पुढच्या विंचवरून (दोर गुंडाळायच्या यंत्रावरून) दोर देणाऱ्या नव्या टगमध्ये ही भीती कमी आहे, संपलेली नाही. म्हणून दर कामाआधी दोर सोडायची आपत्कालीन कळ चालवून पाहतात. आणि उकाडा कितीही असो, दोर लागला की डेकवरची दारं बंद. वाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं एक दार इंजिनरूम भरायला पुरतं.

कळावे.
तुमची,
धाकटी