खापर डोंगराच्या माथी फोडू नका

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

डोंगरी भागातील रस्त्यांचा कारभार आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. उत्तराखंडात दरडीचा धोंडा बसमध्ये येऊन माझे यजमान जखमी झाले, त्याबद्दलच्या माझ्या पत्राला गेल्या सोमवारी आपल्या खात्याचे एक पानी उत्तर मिळाले. चार स्मरणपत्रांनंतर आणि दीड वर्षाने का होईना, उत्तर आले याबद्दल आभार मानून मी थांबलेही असते. परंतु त्यातील तिसरे वाक्य वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. सदर घटना ही नैसर्गिक आपत्ती असल्याने तिची जबाबदारी कोणत्याही यंत्रणेवर निश्चित करता येत नाही, असे ते वाक्य आहे. मी ठाण्यातील एका शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. ‘नैसर्गिक’ हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही, पण तो इतक्या चुकीच्या जागी लिहिलेला कधी पाहिला नव्हता.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि माझे यजमान बदरीनाथचे दर्शन घेऊन उत्तराखंडातून परतत होतो. रात्रभर पडलेला पाऊस सकाळी थांबला होता. अलकनंदेच्या खोऱ्यात एका वळणावर पुढे दरड आली म्हणून गाड्यांची रांग लागली, आणि आमची बस नेमकी एका ताज्या कापलेल्या उताराखाली उभी राहिली. खाली उतरू नका, पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा होईल, असे आम्हाला सांगण्यात आले. खिडकीतून मी तो उतार पाहत होते. तीन मजली इमारतीएवढी उभी कापणी होती, पण तिच्यात एकसंध कातळ कुठेच दिसत नव्हता. चिखलात रुतलेले लहानमोठे दगडगोटे होते, मधोमध ओल पाझरत होती, वरच्या कडेची झाडे रस्त्याकडे कललेली होती, आणि पायथ्याशी ना संरक्षक भिंत होती ना जाळी. मी यजमानांना म्हटले, “अहो, हा डोंगर नाही, ही नुसती रास आहे.” त्यानंतर काही मिनिटांतच जात्याच्या तळीएवढा एक धोंडा खिडकी फोडून आत आला आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर बसला. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद असल्यामुळे रुग्णालय गाठायला पाच तास लागले. ते पाच तास मी त्यांचा पाय माझ्या मांडीवर धरून होते, आणि जे मला दिसले ते मी उठून मोठ्याने का सांगितले नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

तिथल्या रुग्णालयात एक अधिकारी आले होते. त्यांनी आमची विचारपूस केली, छायाचित्र काढून घेतले, आणि त्या उताराची तपासणी होऊन तीन महिन्यांत तिचा अहवाल आम्हाला मिळेल असे आश्वासन दिले. मी पैसे मागितले नव्हते, अहवाल मागितला होता. तो आजतागायत आलेला नाही. आले ते ‘नैसर्गिक’ हे विशेषण.

या विशेषणाबद्दल मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे, कारण ज्या भूमीवर आपण रस्ते बांधता त्या भूमीचा स्वभाव आपल्या कागदांत कुठेच उमटलेला दिसत नाही. उत्तराखंड हे ५३,४८३ चौरस किलोमीटरचे राज्य आहे आणि त्याचा सुमारे ८६ टक्के भाग डोंगराळ आहे. दक्षिणेला भाबरचा गोटाळ पट्टा, जिथे ओढे जमिनीत गडप होतात. त्याच्याही दक्षिणेला तराई, जिथे तेच पाणी पुन्हा वर येते. भाबरच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या, देहरादूनसारखी दूनची खोरी, त्यापलीकडे लघु हिमालय, आणि त्याच्या पाठीशी ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीला अंगावर वागवणारा बृहद् हिमालय. हे सगळे पट्टे एकमेकांवर चढत गेले आहेत, आणि दोन पट्टे जिथे एकमेकांवर सरकतात तिथला खडक भरडला गेलेला असतो. लघु आणि बृहद् हिमालय यांच्या सांध्याला भूशास्त्रज्ञ मेन सेंट्रल थ्रस्ट म्हणतात, आणि बदरीनाथचा रस्ता हेलंगच्या आसपास तो ओलांडतो. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप ही त्याच रेट्याची फळे होती.

आपला सह्याद्री थंड झालेल्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे आणि त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात आहे. तोसुद्धा कोसळतो; मुंब्र्याच्या वळणरस्त्यावर पावसाळ्यात कसे दगड येतात ते ठाणेकरांना माहीत आहे. मग जो पर्वत अजून घडतोच आहे, त्याचा पायथा कापताना किती जपायला हवे?

वर्गात मी हे तांदळाच्या राशीवरून शिकवत असे. टेबलावर ओंजळभर तांदूळ ओतले की त्यांचा एक ठराविक उतार तयार होतो. सुट्या दगडमातीचाही तसाच, साधारण तीस ते पस्तीस अंशांचा असतो. राशीच्या बुडाला चमच्याने एक खाच पाडली की वरचे तांदूळ घसरतात, आणि पुन्हा तोच उतार येईपर्यंत घसरत राहतात. हे पाहायला सहावीतले मूल पुरते. हिमालयातील कितीतरी उतार हे जुन्या दरडींचे आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या राडारोड्याचे आहेत, आणि अशा उताराच्या बुडाला यंत्राने उभी खाच पाडून आपण त्या खाचेत आमची बस उभी केलीत. वरून आलेला धोंडा निसर्गाचा होता, हे मला मान्य आहे. खाच कोणाची होती?

आता पावसाविषयी. या राज्याला समुद्रकिनारा नाही, पण त्याच्यावर पडणारे पाणी समुद्राचेच असते. बंगालच्या उपसागरावरून निघालेले बाष्प गंगेच्या मैदानातून हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून हिमालयाच्या भिंतीला धडकते, वर चढते, थंड होते आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रिते होते. त्यात पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभाची, म्हणजे पाऊस आणि बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याची, भर पडली की काय होते, ते जून २०१३ मध्ये दिसले. त्या वर्षी मोसमी वारे १६ जूनलाच संपूर्ण देशभर पोहोचले होते, नेहमीच्या तारखेपेक्षा जवळजवळ एक महिना आधी. डोंगरावर बर्फ होता, त्यावर पाऊस पडला, केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला आणि पाच हजारांहून अधिक माणसे गेली. तरीही उत्तराखंडचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे दीड हजार मिलिमीटर आहे आणि आमच्या ठाण्याचा अडीच हजारांच्या घरात आहे. तेव्हा पाऊस जास्त झाला म्हणून डोंगर आला, हे उत्तर अर्धे आहे. पाऊस कोणत्या उतारावर, कोणत्या मातीवर आणि किती वेळात पडला, हे उरलेले अर्धे उत्तर आपल्या खात्याने द्यायचे असते. आमच्या प्रवासाच्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यासाठी एकच इशारा होता. ज्या जिल्ह्यात एका बाजूला हिमनदी आहे आणि दुसऱ्या बाजूला भातशेती, तिथे असा इशारा वाचून प्रवाशाने नेमके काय करायचे?

हे कोणी सांगितले नव्हते, असेही नाही. जोशीमठ हे गाव जुन्या दरडीच्या राशीवर वसले आहे, तिथे अवजड बांधकाम करू नये, सुरुंग लावू नयेत, उतारातले धोंडे उपटू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ मध्ये लेखी सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. चारधामच्या रस्त्याचे सुमारे नऊशे किलोमीटरचे काम ५३ तुकड्यांत विभागले गेले, आणि प्रत्येक तुकडा शंभर किलोमीटरच्या, म्हणजे पर्यावरणीय तपासणी सक्तीची होत असे त्या मर्यादेच्या, आत राहिल्याने संपूर्ण रस्त्याचा पर्यावरणीय आघात एकत्रितपणे तपासलाच गेला नाही. डोंगराला हे तुकडे कळत नाहीत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेच्या खोऱ्यात लख्ख ऊन असताना खडक आणि बर्फाचा कडा सुटला आणि दोनशेहून अधिक माणसे, बहुतांशी कामगार, चिखलाखाली गेली. त्या खोऱ्यातले रैणी गाव म्हणजे १९७४ मध्ये गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना मिठ्या मारल्या तेच गाव. ज्या बायकांना उतार आणि झाड यांचे नाते ठाऊक होते, त्यांच्याच दारात हे घडले.

५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातले धराली गाव पुरात वाहून जाताना आम्ही दोघांनी घरी बसून पाहिले, आणि यजमानांनी दूरचित्रवाणी संच बंद करायला सांगितला. महाराष्ट्रातलेही अनेक पर्यटक त्या वेळी तिथे अडकले होते. ज्या जागी तिथली हॉटेले उभी होती, तिला आम्ही भूगोलात पंखाकृती मैदान म्हणतो. डोंगरातून वेगाने उतरणारा ओढा मुख्य नदीपाशी येताना आपला गाळ पंख्यासारखा पसरतो, त्याने ते तयार होते. म्हणजे ती सपाट, मोहात पाडणारी जागा त्या ओढ्यानेच आधीच्या पुरांत आणून टाकलेली असते. ओढा तिथे पुन्हा येणार, हे त्या जागेच्या आकारातच लिहिलेले असते. तिथे बांधकामाला परवानगी देणाऱ्या माणसाला हा आकार वाचता येत नसेल, तर त्याला त्या खुर्चीवर बसवले कोणी?

आपण म्हणाल, इशारा देणे सोपे नाही. मी आपल्याला १८९४ सालची गोष्ट सांगते. त्याच्या आदल्या वर्षी अलकनंदेच्या बिरही या उपनदीवर एक अख्खा डोंगर कोसळून गोहना येथे प्रचंड तलाव तयार झाला. तो कधी फुटेल याचा हिशेब अभियंत्यांनी मांडला, खोऱ्यातून तारयंत्राची वाहिनी टाकली, आणि पूर येण्याआधी काठावरच्या लोकांना हलवले. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला, गढवालमधले श्रीनगर हे गाव धुऊन गेले, आणि तरीही जीव गेले ते फक्त पाच जणांचे. तारयंत्राच्या काळात जे जमले ते उपग्रहाच्या काळात जमत नाही, असे आपण मला कोणत्या तोंडाने सांगता?

मी रस्त्यांच्या विरोधात नाही. तिथल्या बाळंतिणीला दवाखाना गाठायचा असतो, सीमेवरच्या जवानाला रसद हवी असते, तिथल्या माणसाचे पोट यात्रेवर चालते. माझे म्हणणे इतकेच आहे की रस्ता उतार पाहून आखावा आणि कापलेला उतार बांधून काढल्याशिवाय त्याखालून माणसे नेऊ नयेत. पण उतार पाहणारी नजर या व्यवस्थेने कधी घडवलीच नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. तो निर्णय त्या काळाचा नाइलाज होता, परंतु माझ्या ओळखीच्या किती पालकांना त्याचे हायसे वाटले ते मी पाहिले आहे. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला आणि तो बाजूला सारला गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री नवी मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरील इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे विधिमंडळात सांगण्यात आले. डोंगर यादी वाचून कोसळत नाही, मंत्रिमहोदय.

आमचे म्हणाल तर तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, गुडघा वाकत नाही. माझ्या यजमानांनी तेहतीस वर्षे ठाण्याहून मुंबईला लोकलने नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर रोज पहाटे तलावपाळीला तीन फेऱ्या मारण्याचा त्यांचा नेम होता. आम्ही नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला उद्वाहन नाही. दीड वर्षात ते फक्त रुग्णालयात जाण्यासाठी खाली उतरले, आणि तेही खुर्चीत बसवून, शेजारच्या दोन मुलांच्या आधाराने. पहाटे पाचला त्यांना अजूनही जाग येते. ते गॅलरीत उभे राहतात. त्या वेळी मी त्यांच्याशी बोलत नाही, कारण एकदा बोलायला गेले तेव्हा ते रडले, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते.

माझ्या मागण्या तीन आहेत. त्या उताराची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल मला द्यावा, आणि झाली नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. पुढे दरड आल्यास गाड्या कोणत्या ठिकाणी थांबवायच्या आणि कोणत्या उताराखाली मुळीच थांबवायच्या नाहीत, हे यात्रेच्या प्रत्येक रस्त्यावर ठरवून तिथे फलक लावावेत. आमच्यापुरते बोलायचे तर बस मागच्या वळणावर, दोनशे मीटर अलीकडे उभी केली असती तरी पुरले असते. तिसरी मागणी अशी की आपल्या पत्रातील ‘नैसर्गिक’ हा शब्द मागे घ्यावा. तो तसाच राहिला तर ही नस्ती बंद होईल, आणि नस्ती बंद झाली की ती खाच पुढच्या पावसाळ्यातही तशीच राहील.

अपघाताच्या आधी मी खिडकीतून त्या उताराची दोन छायाचित्रे घेतली होती. मुलांना दाखवावीत अशी जुनी सवय होती. ती सोबत जोडली आहेत. दुसऱ्या छायाचित्रात डाव्या कोपऱ्यात कललेली झाडे आणि त्यांच्या खालची ओल स्पष्ट दिसते. आपल्या अभियंत्यांनी ती पाहावीत आणि उत्तर टपालाने पाठवावे. हिंदीत असले तरी चालेल, मी यजमानांना वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नौपाडा, ठाणे