रोव्हर सेंटीमीटर दाखवतो, पण टिपण आण्यात आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोव्हरने, म्हणजे सॅटेलाईटवरून जागा सांगणाऱ्या यंत्राने, जमिनीची मोजणी व्हायला लागली, आता बांधाचे वाद कायमचे मिटणार अशी बातमी मध्यंतरी आपल्या पेपरात आली आणि तेव्हापासून आमच्या जुळे सोलापुरातल्या चहाच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. निम्मे म्हणायलेत सॅटेलाईट कधी चुकत नसतो, निम्मे म्हणायलेत छे हो, इंग्रजांची मोजणी ती मोजणी, इंच न् इंच बरोबर. मी सगळी नोकरी मोजणीत काढलेली, त्यामुळं दोन्हीकडचे मलाच साक्षीला ओढतात. माझं म्हणणं दोघांनाही आवडत नाही, म्हणून पेपरात लिहितोय.

आधी इंच न् इंच वाल्यांसाठी. जुनं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी शेतावरच लिहिलेला मापांचा कागद, ज्यांनी हातात धरलंय त्यांना माहिती असेल, शेताची आकृती नुसती हाताने काढलेली, स्केल नाही काही नाही, मधून एक लांब रेघ आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी लंब टाकलेले, प्रत्येक लंबापाशी बारीक आकडे, साखळ्या किती आणि आणे किती, आणि जुन्या मोजणीचं असेल तर सगळं मोडी लिपीत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, हा आपला गुंठा, असे 40 झाले की एकर, म्हणजे आजही आपण जमीन बोलतो ती त्या साखळीच्या हिशोबानेच. आता एक आणा म्हणजे किती? दोन फूट पाऊण इंच. ज्या वहीत आकडा आण्यात लिहिलाय तिथं फूटभर इकडचं तिकडं दिसणारच नाही, इंच तर लांबच राहिला. त्यात साखळी लोखंडाची, कड्या झिजून झिजून लांब होते, आणि वैशाखात दुपारी दोन वाजता दुसऱ्या टोकाचा गडी ती किती ताणून धरत असेल ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मग इंग्रज एवढे ढिले होते का? तसं नाही. त्यांना बांधाचा वाद सोडवायचा नव्हता, सारा म्हणजे जमिनीचा कर बसवायचा होता. वीस एकराच्या सर्व्हे नंबरात बांध दोन फूट सरकला म्हणून आकारात कितीसा फरक पडणार. ही गोष्ट लक्षात घेतली की त्या सगळ्या कारभाराचा उलगडा होतो.

बरं, मोजणी काही त्यांनीच आणली असंही नाही, मलिक अंबरने केली, शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी काठीने केली. इंग्रज आपल्याकडे आले 1818 ला, पेशवाई बुडाली आणि मे महिन्यात मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. मग 1824 ते 28 या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोजणी केली. हा अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा सिद्धांत डोक्यात घेऊन आलेला, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढा, त्यातून लागवडीचा खर्च वजा करा, निव्वळ जे उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे. कागदावर एकदम झकास. पण जमिनीवर मोजणाऱ्या कारकुनांनी पैसे खाऊन प्रती वर-खाली केल्या, वर धान्याचे भाव पडले, पाऊस दगा देऊन गेला, आणि वसुलीसाठी माणसांचा छळ इतका झाला की रयत जमिनी टाकून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेली. इंदापूरचे तर अतोनात हाल झाले. इंदापूर म्हणजे फार लांब नाही, टेंभुर्णी सोडून भीमा ओलांडली की आलंच.

तिथंच 1835 ला गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण यात आहे की त्यांनी प्रिंगलचं काम दुरुस्त करत बसण्याऐवजी सरळ बाजूला ठेवलं. निव्वळ उत्पन्नाचं गणित सोडून दिलं, मागच्या वर्षांत वसूल खरंच किती झाला ते बघितलं, त्यावरून तालुक्याला काय झेपेल ते ठरवलं, मग बाजार किती लांब, पाऊसपाणी कसं हे बघून गावांचे गट पाडले आणि शेवटी जमिनीच्या प्रतीप्रमाणे ते प्रत्येक नंबरावर वाटलं. ठरलेला दर 30 वर्षं कायम. 1847 च्या जॉइंट रिपोर्टात हे सगळे नियम एकत्र आले आणि पुढं मुंबई इलाख्यात तीच रीत चालली.

प्रत लावायची पद्धत तर बघण्यासारखी होती. क्लासर म्हणजे प्रत लावणारा माणूस शेताचे सारखे चौकोन पाडायचा, एकेका चौकोनात माती उकरून खोली बघायचा. इथले आणे लांबीचे नव्हेत, प्रतीचे: पावणेदोन हात खोल काळीभोर जमीन म्हणजे 16 आणे, पूर्ण प्रत. हातभर खोल असेल तर 10 आणे, आणि पाव हातावर मुरूम लागला तर साडेचार. मग दोष बघायचे, चुनखडीचे खडे, वाळू, उतार, वरून पाणी वाहून जाणं, प्रत्येक दोषाला वहीत वेगळी खूण आणि एक खूण पडली की जमीन एक प्रत खाली. सातबाऱ्यावर आकार म्हणून जो दोन-चार रुपयांचा आकडा दिसतो आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याचं मूळ या उकरलेल्या मातीत आहे.

याचा अर्थ विंगेटसाहेब देवमाणूस आणि रयत सुखात असाही कुणी काढू नये. सारा रोख भरायचा, पिको न पिको भरायचा, आणि जमीन आता खातेदाराची, विकता येण्यासारखी, त्यामुळं सावकार तिच्यावर डोळा ठेवून कर्ज द्यायला लागला. खुद्द विंगेटने 1852 मध्ये सरकारला याचा इशारा दिला होता. कोणी ऐकलं नाही. अमेरिकेतल्या युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीच्या जोरावर 1867 ला इंदापुरात फेरआकारणी करून सारा वाढवला, नंतर भाव बसले आणि 1875 ला सुप्यात सावकारांची कर्जखतं जाळली गेली ते सगळ्यांनी शाळेत वाचलंय.

मालकी हक्काची नोंद म्हणून वेगळं रेकॉर्ड ठेवायचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो 1903 ला. म्हणजे मोजणी आधी, हक्कनोंद कितीतरी नंतर. साऱ्यासाठी केलेल्या मोजणीवर आपण आज मालकीची भांडणं सोडवतोय, आणि तेही सेंटीमीटरमध्ये.

आता सॅटेलाईटवाल्यांसाठी. रोव्हर चांगला आहे, मी विरोधात नाही, आमच्या वेळी असता तर कंबर तरी शाबूत राहिली असती. पण रोव्हर काय सांगतो? तुम्ही आत्ता कुठं उभे आहात ते सांगतो. हद्द कुठं ठरली होती हे त्याला कसं कळणार, ते कागदातच बघायला लागतं. आणि कागद कुठला काढतात हाच माझा मुद्दा आहे. आजकाल बऱ्याच ठिकाणी नकाशा स्कॅन करून स्क्रीनवर टाकतात आणि त्या रेघेवर रोव्हर चालवतात. जुन्या गावनकाशाचं स्केल इंचाला 20 साखळ्या असेल तर एका इंचात 660 फूट बसतात. अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर तेरा फूट! त्या तेरा फुटांत नेमकी हद्द कुठं, हे कुठलाही सॅटेलाईट सांगू शकत नाही. टिपणात निदान दोन फुटांपर्यंत तरी आकडा लिहिलेला आहे. त्यानंतर गटवारीत, म्हणजे जमिनींचे गट पाडताना, नकाशे पुन्हा बनले, त्यात ज्या चुका झाल्या त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

मागच्या वर्षी एका नातेवाइकाच्या मोजणीला गेलो होतो. मोजणीदार पोरगं हुशार होतं, मशीन झटपट लावलं, पण टिपण आणलंय का विचारलं तर म्हणालं काका, ते कोण बघतंय आता. अर्ध्या तासात खुणा दिल्या. शेजारच्या भावाने सही केली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. दोघं भाऊभाऊ आता वकील शोधायलेत, ते पण दीड फुटासाठी.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आपल्या पेपरातून सांगणं आहे की मोजणीला येताना त्या नंबराचं मूळ टिपण आणि फाळणी, म्हणजे पोटहिस्से पाडतानाचा मोजणीचा कागद, असेल तर ती सोबत आणायची सक्ती करा, आणि मोजण्याआधी दोन्ही बाजूंना दाखवा. हे रेकॉर्ड किती फुटांपर्यंत बोलतं ते तोंडावर सांगा, मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, म्हणजे क प्रतीवर, लिहून द्या. निम्मी भांडणं तिथंच थंड होतील, कारण सहा इंचासाठी कोर्टात जाणाऱ्याला कळेल की त्याचे सहा इंच कुठल्याच कागदात नाहीत. स्कॅनिंग झालंय म्हणतात, चांगलं आहे, पण मोडीतलं पान जसंच्या तसं स्क्रीनवर दिसून शेतकऱ्याला काय उपयोग? पुराभिलेख खात्याची मोडीची परीक्षा पास झालेली पोरं आपल्या जिल्ह्यात घरी बसलीत, त्यांना पानामागं पैसे देऊन ती टिपणं देवनागरीत उतरवून घ्या. आणि हद्दीचे जुने दगड ट्रॅक्टरने, जेसीबीने उपटून टाकायचे प्रकार सर्रास चाललेत, जमीन महसूल संहितेत याला दंडाची तरतूद आहे, ती एकदा तरी कुणाला लावून दाखवा. पाऊस पडायच्या आत हे सुरू केलं तर बरं, कारण पेरणी झाली की उभ्या पिकात मोजणी होत नाही आणि अर्ज पुढच्या उन्हाळ्यावर जातात.

आपला,
मोजणी खात्यातला एक निवृत्त माणूस
जुळे सोलापूर