आपल्या माणसांचे उत्तरायुष्य

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपण एक तर त्याच्या ऐन उमेदीतले पराक्रम सांगतो, नाहीतर शेवटचे आजारपण. जबाबदाऱ्या संपल्यावर तो जी वर्षे स्वतःच्या मर्जीने जगला, ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. मला तर हल्ली तीच वर्षे अधिक आठवतात.

बाबांचेच बघ. नोकरीत असेपर्यंत ज्यांना दोन मिनिटांचा उशीर खपत नसे, ते निवृत्तीनंतर बंद पडलेली घड्याळे दुरुस्त करू लागले. डोळ्याला भिंग लावून ते एकेक स्क्रू काढत आणि ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने पांढऱ्या कागदावर मांडत, म्हणजे जोडताना उलट्या क्रमाने उचलता यावा. एखादे चाक बसेना तर कुरकुर न करता सगळे पुन्हा सोडवत. हा धीर त्यांच्यात पूर्वीपासून होता की नव्याने आला, हे आईलाही सांगता आले नाही!

आत्याला ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलत असू. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात, त्यामुळे लहान मुलांचे बोलणे तिला सर्वांत अवघड जाई. तिच्या नातवाने मात्र आपणहून युक्ती काढली: समोर बसायचे आणि जाड आवाजात, सावकाश बोलायचे. त्या दोघांच्या गप्पा तासन्‌तास चालत.

आणि आपला तो भांडकुदळ मित्र! वर्गात एकाशीही ज्याचे धड पटले नाही, त्यालाच उतारवयात लोक तंटे मिटवायला बोलावू लागले. भांडणे त्याने सोडली नव्हतीच, फक्त आता तो दोन्ही बाजूंनी भांडत असे.

मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण 10 ते 30 या वयातल्या प्रमाणाबाहेर अधिक येतात. म्हणजे ही माणसे स्वतःच्या उत्तरायुष्याविषयी फारसे बोलणार नाहीत. ते ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनीच सांगायला हवे. म्हणून तुला गळ घालतो, तुझ्या थोरल्या बंधूंविषयी सविस्तर लिही. ते अखेरपर्यंत मुलांना गणित शिकवत होते, एवढेच माझ्या कानावर आले आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र